मनगटातनं दिसलेलं गाव

सास्तूर, १० नोव्हेंबर

राजेश्वरी मॅडम,

आईचा आशीर्वाद. घ्यायचा असला तर घे, न्हाय तर पाकिटातच राहू दे, नासत न्हाय.

तुला फोन लावला की ती बाई बोलती, थोड्या वेळानं करा म्हणती. आवाज गोड हाय तिचा. एक-दोनदा म्या तिलाच खुशाली सांगून टाकली. पण ती बी फुडं काय इचारंना, म्हणून लिहायला बसले. पत्ता तुझ्या बँकेचा घातलाय. घरी आलेलं पत्र तू फाडून टाकशील. बँकेत चार लोकांदेखत आईचं पत्र फाडायला लाज वाटंल. सातवीच शिकले, पण येवढी अक्कल हाय.

मी बरी हाय. उन्हाळ्यात तुझे अप्पा गेल्यापासनं घर मोठं झालंय, झाडायला येळ लागतो, दुसरं काय न्हाय. शाळंतली खिचडी अजून माझ्याकडंच हाय. मीठ मातर आता मला कळत न्हाय. जास्त पडलं काय आन कमी पडलं काय, जिभेला सारखंच. म्हणून पाचवीतल्या एका पोरीला आदी चाखायला लावते. तिनं तोंड वाकडं केलं न्हाय की मंग वाढते.

शाळंत नवं खूळ आलंय. नववी-दहावीला व्हिडिओ काढायचा आन चित्रं हालवायचा तास सुरू झालाय. अ‍ॅनिमेशन म्हणत्यात त्याला. तू शिकायला व्हतीस तवा शाळंत एकच कम्प्युटर, त्यो बी टावेल घालून ठिवलेला, दसऱ्याला हेडसर त्याला हळदकुंकू लावायचे. आता प्रयोगशाळेत रांगच मांडलीय. शिकवायला कुमार सर म्हणून पोरगं आलंय परंड्याचं. शनवारी यष्टीनं गावाला जातंय, सोमवारी आईच्या हातची चटणी घेऊन येतंय. म्या त्याला म्हणलं, सर, चित्रं हालवायचा पगार मिळतो व्हय, आमच्या जाऊबाईचं तोंड दिवसभर फुकट हालतंय. बिचारं हासावं का न हासावं म्हणून खिचडीत बघत बसलं.

त्यांनी पोरांना काम दिलंय. गॅदरिंगला दाखवायला पिच्चर करायचा, जुन्या गावाचा. भूकंपात पडलेलं गाव ह्या पोरांनी कुठं बघितलंय, त्यांच्या आयांनी बी धड बघितलं न्हाय. म्हणून म्हाताऱ्यांना इचारून इचारून कम्प्युटरवर गल्ल्या काढायच्या, घरं काढायची, आन त्यात खरं माणूस चालवायचं. ह्या कामाची मुकादम हाय दहावीतली प्रतीक्षा, मेंढरंवाल्या गोरोबाची नात. कंबरेवर हात ठिवून बोलती, तुझ्यावाणी.

ती माझ्याकडं आली. आज्जी, तुमच्या गल्लीत काय काय व्हतं? म्या सांगितलं. बैल आडवा बसंल येवढ्या रुंद दगडाच्या भिती, वर मातीचं माळवद, कोपऱ्यावर आड, आडाला लाकडी रहाट. आन पाटलाच्या दारात उंट.

"उंट?" म्हणाली.

म्या म्हणलं, व्हय, उंट. हैद्राबादहून आणलेला. गळ्यात घुंगरं.

तिनं लिहून घेतलं. कुठला उंट ते तुला ठाव हाय.

जाताना तुझी निळी साडी दोरीवर राहिली व्हती. धुऊन, घडी करून ट्रंकंत ठिवलीय. डांबराच्या गोळ्या टाकल्यात.

आई


सास्तूर, २९ नोव्हेंबर

राजी,

उत्तर न्हाय आलं. म्हंजी पत्र मिळालं. मिळालं नसतं तर परत आलं असतं, आपला पोस्टमन इमानदार हाय.

उंटाचं ऐक. पोरीनं काढला. लई गुणाचा काढलाय, पापण्या बी हाईत त्याला. पण कुमार सर म्हणाले, एकाच माणसाच्या सांगण्यावर जाऊ नका, आणखी दोघांना इचारा. पोरं शांतलिंग अण्णाकडं गेली. म्या मनात म्हणलं, महानंदा, आता सापडलीस. तर अण्णांनी डोळे मिटले आन म्हणाले, व्हय तर, पाटलाचा उंट, म्या लहानपणी बसलोय त्याच्यावर. मंग महांतप्पा वाण्यानं सांगितलं, त्यो गूळ खायचा, दुकानाम्होरं आला की फुडं हालायचा न्हाय. आता उंट कसा मेला ह्यावर गावात दोन पार्ट्या पडल्यात. मी पातेल्यात झारा फिरवत ऐकते. रहाट आडाच्या उजव्या अंगाला व्हता का डाव्या, हे खरं तर कुणालाच सांगता येईना. जो नव्हता त्यो उंट सगळ्यांना धडधडीत आठवतोय.

भूकंपानंतर आपण पत्र्याच्या शेडात व्हतो. तू तिथंच झालीस, तिथंच चालायला लागलीस. दुपारी पत्रा तापला की तू झोपायची न्हाईस, तवा म्या त्यो उंट केला व्हता. तू इचारायचीस, आता कुठाय उंट? म्या सांगायची, भूकंपाच्या आदल्या दिशी सुटून चालत गेला, त्याला आदीच कळलं व्हतं. परवा शांतलिंग अण्णा पोरांना तेच सांगायले. म्या त्यांना ते कवा बी सांगितलेलं न्हाय.

आता दुसरी गोष्ट. हासू नको. पिच्चरमंदी एक नवरी जुन्या गावात येती. नवरी म्हणून मला घेतलंय.

म्या म्हणलं, पोरी, दहावीत येवढ्या पोरी हाईत, माझ्या तोंडात दात बी मोजके. प्रतीक्षा म्हणाली, गाव तुमच्या डोक्यात हाय, मंग तुमीच चालायचं त्यातनं. आन दाताचं काय, पदर घ्या तोंडावर. सर बी म्हणाले, मावशी, तिनं ठरिवलंय, आता माझं बी चालत न्हाय.

अप्पांना पोरांनी चित्रात काढलंय. आधार कार्डाचा फोटू दिला व्हता म्या. तोंड काय जमंना. एकदा हेडसर झाले, एकदा तर उंटच झाला. शेवटी प्रतीक्षानं पाठमोरा करून टाकला. धोतर, टोपी, खांद्यावर टावेल, फुडं फुडं चालत्यात, मागं बघतच न्हाईत. म्या म्हणलं, आता बरोबर काढलास, असाच व्हता त्यो माणूस. लग्न करून आणली मला, तर यष्टीच्या थांब्यापासनं दारापत्तूर एकदा वळून बघितलं न्हाय, बायको मागं हाय का गेली परत माहेरी अणदूरला.

पोरं लई हासली. मी बी हासले. त्या पाठीकडं बघून पोटात काय तरी हालंल असं वाटलं व्हतं. न्हाय हाललं. चुलीवरचं पाणी उतरवायचं राहिलंय येवढं आठवलं.

सोमवारी शूटिंग हाय. नवरीच्या हातात हिरव्या बांगड्या पाहिजेत, म्हणून प्रतीक्षानं बहिणीच्या लग्नातल्या उरलेल्या आणल्या. काचंच्या. आज हापशावर बसवून, साबण लावून, दोन्ही हातात चढवल्या तिनं. सर जरा बिचकले. "मावशी, तुम्हाला चालंल ना? घरचे काय म्हणतील?" म्या म्हणलं, घरात घरचं कोण हाय.

तुला सांगू का नको म्हणत व्हते. सांगितलं.

आई


सास्तूर, २ डिसेंबर

राजी,

काल शूटिंग झालं आन बिघडलं.

आदी ते कसं करत्यात ते सांगते. प्रयोगशाळेच्या भितीला एक मोठं हिरवं कापड लावलेलं असतंय. दोन्ही बाजूला दिवे. त्या कापडाम्होरं मी चालायचं, तिकडनं इकडं. मंग कम्प्युटर हिरवं तेवढं पुसून टाकतो आन त्याच्या जागी पोरांनी काढलेलं गाव घालतो. म्हंजी चालायचं शाळंत, आन दिसायचं जुन्या गल्लीत.

मी लाल इरकल नेसले व्हते, लग्नातलं न्हाय, दुसरं. प्रतीक्षा वरडायची, आज्जी, कॅमेऱ्याकडं बघू नका, आज्जी, बाजाराला निघाल्यागत चालू नका, नवरी हाव तुमी. म्या म्हणलं, नवरीला काय ठाव नसतंय पोरी, म्हणून ती सावकाश चालती. मला सगळं ठाव झालंय, पाय आपोआप उचलतो.

दुपारी सगळ्यांनी कम्प्युटरभवती गर्दी केली. मी दिसले, राजी. आपल्या गल्लीतनं चालत व्हते. आडाजवळनं गेले, उंटाम्होरनं गेले, फुडं अप्पांची पाठ. पोरांनी भितीतल्या दगडांच्या सांदी बी काढल्यात, ज्याच्यात मी केसांचा गुंतवळ खुपसायची. सगळं झ्याक. आन माझ्या दोन्ही मनगटांना भोकं. पंजा हाय, कोपर हाय, मदी काईच न्हाय. मनगटातनं मागची भीत दिसत व्हती.

बांगड्या हिरव्या, म्हणून त्या बी पुसल्या गेल्या. सर कपाळाला हात लावून बसले, म्हणाले चूक माझी, हिरवं घालायचं न्हाय हे पयल्या तासाला मीच शिकिवलं व्हतं. पण चूक कुणाचीच न्हाय. नवरी म्हणलं की हातात हिरवं, त्याचा इचार कोण करत बसतंय. वर्गातल्या एकाला बी सुचलं न्हाय, आन त्यात निम्म्या पोरींनी बहिणींचे चुडे भरताना बघितल्यात.

खिडकीत आमच्या जाऊबाई व्हत्या, तुझी दोडव्वा हरणाबाई. तिला शूटिंगचं कळलं नसतं तरच नवल. गजाला धरून म्हणाली, "यंत्राला बी कळतंय, कुणाच्या हातात काय शोभतं ते."

म्या म्हणलं, जाऊबाई, तुमी येकदा हिरवं लुगडं नेसून या ह्या कापडाम्होरं. नुसतं तोंड राहील. न्हाय तरी तेवढंच चालू असतंय.

ती गेली. पोरं माझ्याकडं बघायली, ही आता रडती का काय. म्या इचारलं, खिचडी गार व्हायलीय, कोण कोण येणार?

आता येवढं लिहिलंय तर ते बी लिहिते. मी माफी मागणार न्हाय, आदीच सांगते. 

त्या दिशी अप्पांना उचलायच्या आदी बायका माझ्याकडं आल्या आन तू मदी आडवी झालीस. ग्रामपंचायतीनं ठराव केलाय, बांगड्या फोडायच्या न्हाईत, म्हणालीस. आपल्या शरण-संतांनी असलं कुठं सांगितलंय, म्हणालीस. बरोबर बोललीस. अख्ख्या आळीत तसं बोलणारं दुसरं कुणी न्हवतं. आन तुझ्या मागनं म्या हात फुडं केले, म्हणलं, फोडा. तुझं तोंड म्या बघितलं. तिसऱ्या दिशी तू गेलीस. येवढंच म्हणालीस, "तुझ्यासाठी भांडले, आन तूच मला खोटं पाडलंस."

तुला खोटं पाडायला म्या हात दिले न्हाईत. हरणाबाईला भिऊन बी न्हाय, तिला मी कवा भ्याले. सकाळपासनं मला काईच कळत न्हवतं. बायका गळ्यात पडायच्या आन मी त्यांच्या लुगड्याचे काठ बघायची, हिचा रुईफुलाचा, हिचा साधा. अप्पांच्या पायाला हात लावला. गार लागला, बस्स. वाटलं, काच लागंल, काच लागली की दुखंल, दुखलं की कळंल. म्हणून म्हणलं फोडा. काच घुसली, रगात बी आलं. न्हाय दुखलं.

येवढंच व्हतं ते. तू तिसऱ्या दिशी इचारलं असतंस तर तवाच सांगितलं असतं. पण तू इचारलं न्हाईस आन मला बी सुचलं न्हाय.

आई


सास्तूर, ९ डिसेंबर

राजेश्वरी मॅडम,

एक काम काढलंय तुझ्याकडं, म्हणून मॅडम.

पिच्चरवर सरांनी तोड काढली. मला म्हणाले, मावशी, बांगड्या तेवढ्या उतरवा आन मोकळ्या हातानं एकदा चाला. पोरं मंग वरनं चित्रातल्या बांगड्या काढून देतील. अर्ध्या तासाचं काम हाय. माणूस सरळ हाय, त्याच्या मनात दुसरं काई नव्हतं. त्यानं साबणाची वडी बी फुडं केली. सगळी पोरं माझ्या हाताकडं बघायली.

मला त्यो दिवस आठवला. तसंच, सगळे हाताकडं बघणारे. फकस्त तू न्हवतीस मदी.

म्या म्हणलं, "न्हाय."

का म्हणलं ते मला बी ठाव न्हाय. सर म्हणाले, काय झालं मावशी? म्या म्हणलं, निघत न्हाईत, घट्ट बसल्यात. काढायच्या तर फोडाव्या लागतील आन शाळंत फोडाफोडी बरी दिसत न्हाय.

मंग प्रतीक्षा म्हणाली, सर, बांगड्या राहू द्या, कापडच बदला. निळं लावा. निळं बी पुसता येतंय की, आज्जीच्या अंगावर निळं काईच न्हाय. सरांनी तिच्याकडं असं बघितलं, जसं अप्पा तुझ्याकडं बघायचे, तू दुकानातल्या हिशोबात त्यांची चूक काढलीस की. म्हणाले, शनवारी परंड्याला जाणारच हाय, निळं कापड घेऊन येतो.

म्या म्हणलं, कशाला इकत आणताय, माझ्या घरात हाय. एकरंगी हाय, लांब हाय, सुरकुती पडत न्हाय.

तू बँकेत लागलीस तवा ती साडी घेतलीस. म्या म्हणलं व्हतं, बिनकाठाची साडी म्हंजी बिनफोडणीचं वरण. तू दोन दिवस बोलली न्हाईस. आता बघ, त्या बिनकाठाचीच गरज पडली. काठ असता तर नवरीच्या डोक्यावरनं पडद्यात एक पट्टा आडवा गेला असता.

तर इचारते. तुझी साडी भितीला लावू का? वस्तू तुझी हाय. तुझ्या व्हय बिगर ट्रंक उघडायची न्हाय असं ठरिवलंय. व्हय का न्हाय, एक अक्षर कळव. न्हाय म्हणलंस तरी चालंल, पण कळव.

शनवारच्या आत कळव. न्हाय तर सर कापड घेऊन येतील.

आई


सास्तूर, १८ डिसेंबर

राजी,

सर कापड घेऊन आले.

निळंच हाय. चांगलं हाय. म्या म्हणलं, ह्याला घड्या पडल्यात, सावली पडंल. सरांनी इस्त्री करून आणली. म्या म्हणलं, रंग लई गडद हाय. मंग म्या म्हणलं, गुडघा दुखतोय. मंग खिचडीचं निमित्त काढलं. प्रतीक्षा नुसती बघत ऱ्हायची. काल चुलीपाशी येऊन बसली.

"आज्जी, तुमी कुणाची वाट बघायलात?"

म्या म्हणलं, उंटाची.

ती हासली न्हाय. म्हणाली, आज्जी, सोमवार शेवटचा. त्याच्या फुडं आमाला एडिटिंगला दिवस राहत न्हाईत. सोमवारी तुमी चालला न्हाईत तर नवरी काढून टाकावी लागंल. मंग पिच्चरमंदी एक उंट आन एक पाठमोरा माणूस, येवढंच उरतंय. सगळ्या गल्लीतनं त्यो माणूस एकटाच चालत जाईल. बघा तुमी.

पंधरा वर्सांची पोरगी. आन बोलती कशी बघ.

बांगड्या हातातच हाईत. साबणानं चढल्या त्या साबणानं उतरत्यात, हे तुला ठाव हाय, मला बी ठाव हाय. सरांना ठाव न्हाय, आन प्रतीक्षाला ठाव असून तिनं सांगितलं न्हाय.

उद्या येळवस, शेतातल्या पूजेची अमावस. जाऊबाईनं सांगून धाडलंय, शेतात ये म्हणून. आंबील केलीय तिनं, बाजरीचे उंडे मी करते. भज्जीच्या भाजीत वाटाणा जास्त घालायचा ते तुझ्यामुळं, आता खाणारी न्हाय तरी हात तेवढाच घालतोय. हरणाबाई ह्या बांगड्यांच्या हातानं कडब्याच्या कोपीतली पूजा मांडू देती का न्हाय ते बघू. न दिली तर दोन गोष्टी ऐकवीन, त्या बी तयार करून ठिवल्यात.

हे पत्र तुला पोचंपत्तूर सोमवार होऊन गेलेला असंल. तरी टाकते.

आई


सास्तूर, २३ डिसेंबर

राजी,

तुझा फोन आला ते माझं शेवटचं पत्र पोचायच्या आदीच. म्हंजी नवव्या तारखेचं पत्र तू वाचलंस. बँकेत का घरी ते इचारत न्हाय.

येळवसहून आमी दिवस मावळायला आलो. ट्रॅक्टरमदनं उतरते न उतरते तर फोन वाजला. तुझं नाव दिसलं, मला वाटलं ती बाईच बोलती का काय. तू हॅलो बी म्हणाली न्हाईस.

"साडीला टाचण्या लावू नको. भोकं पडत्यात. कपडे वाळत घालायचे चिमटे लाव."

म्या म्हणलं, बरं.

तुझ्या मागं गाड्या चालल्या व्हत्या. म्या फोन ह्या हातातनं त्या हातात घेतला, परत ह्या हातात घेतला, बांगड्या वर-खाली झाल्या. तू म्हणालीस, "कसला आवाज येतोय तिकडं?"

म्या म्हणलं, भांडी घासायलीय.

मंग म्हणालीस, "घास." आन ठिवलास.

काल चिमटे लावले. लाल, पिवळे, सगळे तुझेच, पुण्याहून आणलेले. प्रतीक्षा टेबलावर चढली, सरांनी साडी खालनं धरली, वरनं खालपत्तूर ताणून बसवली. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला प्रयोगशाळेत. सरांनी इचारलं, मावशी, कापड तर हेच व्हतं घरात, मंग इतके दिवस का? प्रतीक्षा म्हणाली, सर, लाईट लावा.

मी चालले. तिनं एकदाच चालवलं, परत म्हणाली न्हाय.

पडद्यावर आता हात अख्खे हाईत. बांगड्या हिरव्यागार. मनगटातनं गाव दिसत न्हाय, मनगटाच्या मागं दिसतंय. आडावरनं जाते, उंट मान वळिवतो, पोरांनी ती नवीन करामत केलीय. अप्पा म्होरं. ते काय वळत न्हाईत. म्या प्रतीक्षाला म्हणलं, येवढा उंट वळिवलास, ह्यांना बी जरा वळिव की. ती म्हणाली, तोंड येत न्हाय आज्जी. म्या म्हणलं, राहू दे, तसं मला बी आता नीट येत न्हाय.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी थांबले जरा, रडू येतंय का बघितलं. न्हाय आलं. खोटं कशाला लिहू.

एक मातर झालंय. मनगटाला खाज सुटलीय. बांगड्यांच्या आत साबण राहिला असंल, पुरळ आलाय, लई खाजतंय, जेवताना बी ध्यान तिकडंच. उन्हाळ्यापासनं अंगाला काई कळलं न्हवतं, आन कळलं तर हे. येळवसला उंडा देताना जाऊबाईनं माझा हात धरला, उलटापालटा करून बघितला. मी दोन्ही गोष्टी तयार ठिवल्या व्हत्या. ती म्हणाली, खोबरेल लाव. उतरव म्हणाली न्हाय. मंग म्या बी माझ्या दोन्ही गोष्टी परत आणल्या.

गॅदरिंग चोवीस जानेवारीला हाय. चौथा शनवार हाय, बँका बंद असत्यात, म्या इथल्या बँकेत इचारून घेतलंय. त्याला लागून रविवार, सोमवारी सव्वीस जानेवारी. निमित्त काय काढायचं असंल तर दुसरं काढ, सुट्टीचं चालणार न्हाय.

साडी अजून भितीवरच हाय. पोरांचं काम झालंय, पण वरचे चिमटे मला पोचत न्हाईत. प्रतीक्षाला सांगितलंय, हात लावू नको, मालकीण येऊन काढंल.

आन ते भांड्यांचं. भांडी आमी शेतावरच घासून आणली व्हती.

आई